उसन्या इंजिनाची स्पोर्ट्‌स कार घ्यावी काय?

धरमपेठकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या ओळखीच्या एका ज्येष्ठ गृहस्थांच्या अंगणात गेली सात-आठ वर्षे ताडपत्रीखाली उभी असलेली सॅन स्टॉर्म ते मला अल्प किमतीत देऊ इच्छितात. ही गाडी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो की, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली ही दोन आसनांची, फायबरच्या बॉडीची गाडी आहे. दिसायला ती स्पोर्ट्‌स कार असली तरी बॉनेटखाली रेनोच्या क्लिओ या घरगुती हॅचबॅकचे १.२ लिटरचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन आहे. माझ्या मेहुण्यांनी ती पाहिली आणि 'वरून कीर्तन, आतून तमाशा' ही म्हण उलटी करून 'वरून तमाशा, आतून कीर्तन' असा निकाल देऊन टाकला.

मला वेगाची हौस फारशी नाही. रविवारी पहाटे नागपुराहून अमरावती रोडने बाजारगावपर्यंत जाऊन यावे, एवढीच अपेक्षा आहे. तथापि ज्या गाडीचे काळीजच दुसऱ्या, साध्यासुध्या गाडीकडून उसने घेतलेले आहे, तिला स्पोर्ट्‌स कार म्हणून सांभाळण्यात काही अर्थ आहे काय, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त फोरमन, हिंगणा

आपल्या मेहुण्यांचा आक्षेप नवा नाही, परंतु तो लावायचा म्हटला तर निम्म्या नामांकित स्पोर्ट्‌स कार बाद कराव्या लागतील. पोर्शेची १९४८ ची पहिली गाडी फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनावरच उभी राहिली. १९७६ च्या पोर्शे ९२४ मध्ये ऑडीच्या घराण्यातील दोन लिटरचे जे इंजिन होते, त्याचेच भावंड फोक्सवॅगनच्या एलटी या मालवाहू व्हॅनमध्ये राबत होते. ट्रायम्फ टीआर-२ चे इंजिन स्टँडर्ड व्हॅनगार्ड या सेडानचे, आणि त्याच कुळातील इंजिन फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरमध्येही बसवले जात असे. म्हणजे एकाच वंशातला एक भाऊ शेत नांगरतो आहे आणि दुसरा ताशी १०० मैलांच्या पुढे धावतो आहे.

यामागचे कारण सोपे आहे. नवे इंजिन घडवायचे म्हणजे साचे, ओतकाम, यंत्रण आणि वर्षानुवर्षांच्या चाचण्या आल्या, आणि हा सगळा खर्च लाखो गाड्यांवर वाटला गेला तरच परवडतो. वर्षाला काहीशे गाड्या विकणाऱ्या लहान कारखान्याने तो अंगावर घेतला तर गाडी बाजारात येण्याआधीच कारखान्याला कुलूप लागेल. त्याऐवजी तो पैसा आणि ती बुद्धी सांगाडा, सस्पेन्शन आणि वजन यांवर खर्च होते, आणि गाडी चालवताना हाताला जे जाणवते ते मुख्यतः त्यातूनच येते.

लोटसची १९९६ ची एलिस घ्या. तिच्यात रोव्हरचे १.८ लिटरचे के-सिरीज इंजिन होते आणि त्याची अश्वशक्ती होती अवघी ११८. पण चिकटद्रव्याने जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्यामुळे अख्खी गाडी सव्वासातशे किलोंच्या आसपास भरली. दर टनामागे हिशेब केला तर ती १६० अश्वशक्तीच्या वर जाते, आणि वळणावर तर हलकेपणाला तोडच नाही. पुढे त्याच लोटसने २००९ च्या इव्होरामध्ये टोयोटा कॅमरीचे साडेतीन लिटरचे व्ही-६ इंजिन आसनांमागे बसवले, तेव्हाही 'कॅमरीचे इंजिन' म्हणून नाके मुरडणारे होतेच. ज्यांनी ती चालवली त्यांची तक्रार इंजिनाबद्दल क्वचितच होती.

वर्धा रोडवाला

फोरमनसाहेबांच्या अनुभवाचा आदर राखून मतभेद नोंदवतो. आपण यशस्वी उदाहरणे निवडली आहेत. डीलोरियनचे काय? स्टेनलेस स्टीलचे अंग, पंखांसारखी वर उघडणारी दारे, आणि मागे प्यूजो, रेनो व व्होल्वो यांनी मिळून तयार केलेले घरगुती सेडानचे व्ही-६, जे अमेरिकेत जेमतेम १३० अश्वशक्ती देत होते. गाडीचे वजन बाराशे किलोंच्या वर. रूपाने दिलेले वचन इंजिनाला पाळता आले नाही, आणि हलकेपणाने ती उणीव भरून काढावी तर तेही साधले नव्हते.

शिवाय इंजिन उसने घेताना त्याचे माहेर सुटते, याकडे कोणी लक्ष देत नाही. रेडिएटर नाकाशी आणि इंजिन पाठीशी असलेल्या गाड्यांमध्ये पाण्याचे पाइप लांबलचक होतात, ते भरताना आत हवा अडकते, आणि इंजिनापर्यंत थंड पाणी उशिरा पण एकदम पोहोचते. के-सिरीज इंजिनात मुळातच पाणी कमी मावते. एमजी एफसारख्या गाड्यांत त्याची हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या व खालच्या भागांमधला सांधा बंद ठेवणारी पट्टी) वारंवार जाण्यामागे हे एक कारण सांगितले जाते. इंग्लंडच्या थंड हवेत जे कसेबसे निभावते, ते ज्या नागपुराने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान पाहिले तिथे, व्हेरायटी चौकाच्या सिग्नलला दुपारी दोन वाजता निभावेलच असे नाही.

आवाजाबद्दल तर बोलायलाच नको. १.२ लिटरच्या हॅचबॅकचा आवाज हा १.२ लिटरच्या हॅचबॅकचाच आवाज असतो, सायलेन्सर कितीही बदला.

मार्क टू

वरील दोन्ही प्रतिसाद वाचले. दोघेही इंजिनाच्या योग्यतेवर बोलत आहेत, पण धरमपेठकरांपुढे आलेला प्रश्न माझ्या मते वेगळा आहे: इंजिन साध्या गाडीचे आहे खरे, पण ती साधी गाडी आपल्या गावात आहे काय?

माझ्या वडिलांकडे एमजीए ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार होती, १९५५ ते १९५९ या काळातली. तिचे १४८९ घनसेंटीमीटरचे इंजिन म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे बी-सिरीज, आणि आपल्या पेट्रोल अँबेसेडरमध्ये वर्षानुवर्षे होते तेही त्याच मापाचे, त्याच घराण्याचे. एमजीएमध्ये दोन एसयू कार्ब्युरेटर, अधिक कॉम्प्रेशन आणि निराळा कॅमशाफ्ट यांच्या जोरावर ते ७० च्या आसपास अश्वशक्ती द्यायचे, अँबेसेडरमध्ये त्याहून बरेच कमी. पण मूळ घडण एकच असल्यामुळे वडिलांना इंग्लंडला पत्र लिहावे लागत नसे. गॅस्केट, बेअरिंग, पाण्याचा पंप यांची चौकशी आधी सीताबर्डीला होई आणि बहुतेक वेळा तिथेच संपे. ज्या मिस्त्रीने आयुष्यभर टॅक्स्या दुरुस्त केल्या तो डोळे मिटून तिचे व्हॉल्व लावून देई. घरात त्या गाडीला 'लाडावलेली अँबेसेडर' म्हणत, आणि वडिलांना त्याचे कधी वाईट वाटले नाही.

उसन्या इंजिनाचा खरा लाभ हा आहे, आणि नेमका तोच सॅन स्टॉर्ममध्ये मिळत नाही. क्लिओ भारतात विकली गेलीच नाही. दिलीप छाब्रियांच्या अवंती या भारतीय स्पोर्ट्‌स कारचीही हीच गत. तिचे दोन लिटरचे टर्बो इंजिनही रेनोचेच, आणि ते ज्या मेगानमध्ये बसत असे तीही आपल्या रस्त्यांवर आली नाही. अशा गाडीचे इंजिन फ्रान्समध्ये सामान्य असेल, पण इतवारीत ते दुर्मीळच. सामान्य असण्याची नामुष्की पदरी पडते, सोय मात्र पडत नाही.

कोणी सुचवेल की आपल्याकडच्या एखाद्या हॅचबॅकचे इंजिन टाकून मोकळे व्हा. तसे करण्यापूर्वी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचावे. नोंदणी प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय इंजिन बदलता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ अधिकच काटेकोर लावला आहे. गाडीला १५ वर्षे उलटून गेली असल्यामुळे नोंदणीचे नूतनीकरण आणि हरित कर हेही प्रश्न उभे राहतील, ते वेगळेच.

तरीही मी 'घेऊ नका' असे म्हणणार नाही. इंजिन पुढेच आहे, त्यामुळे वर्धा रोडवाल्यांनी सांगितलेला लांब पाइपांचा ताप इथे नाही. यंत्रणाही सुटसुटीत आहे. इतकी वर्षे उभ्या असलेल्या गाडीला सेल मारण्यापूर्वी टाकीतले जुने पेट्रोल काढा, इंजिन हाताने फिरवून पाहा, टायमिंग बेल्ट आणि पाण्याचे सगळे होज बदला. फायबर गंजत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, खाली आडवे होऊन पोलाद तपासा. आणि व्यवहार ठरवण्यापूर्वी वॉटर पंप व हेड गॅस्केट या दोनच वस्तू परदेशातून मागवायला किती खर्च येतो आणि किती दिवस लागतात, हे विचारून घ्या.

धरमपेठकर

सर्वांचा आभारी आहे. काल संध्याकाळी त्या गृहस्थांकडे जाऊन गाडीखाली शिरलो. चालकाच्या बाजूला दोन ठिकाणी पोलादाला हात लावला तर पापुद्रे निघाले, उरलेला भाग ठणठणीत आहे. विशेष म्हणजे गॅरेजच्या माळ्यावरून त्यांनी एक लाकडी पेटी काढून दाखवली. तिच्यात एक न वापरलेला वॉटर पंप, दोन हेड गॅस्केट आणि एक टायमिंग बेल्ट आहे. बेल्टचे रबर अर्थातच वाळले असणार. गॅस्केटही इतक्या वर्षांनंतर चालतील काय, हे मार्क टू यांनी कृपया सांगावे. मेहुण्यांना अजून काही बोललेलो नाही.

मार्क टू

गॅस्केट सपाट ठेवलेल्या असतील, दुमडलेल्या नसतील आणि वरचा थर सुटला नसेल तर चालतात. पेटी गाडीच्या किमतीतच मागून घ्या.