‘लाइमलाइट’मधील ‘लाइम’ म्हणजे लिंबू की चुना?

प्रश्न
‘अमुक अभिनेत्री पुन्हा लाइमलाइटमध्ये आली’ अशी वाक्ये मराठी वृत्तपत्रांत नेहमी वाचनात येतात. अर्थ कळतो, परंतु सर्वांच्या नजरा खिळण्याशी लिंबाचा काय संबंध, हे काही केल्या उमगत नाही. हा शब्द कसा घडला आणि मराठीत त्याच्या जागी काय लिहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
हा ‘लाइम’ म्हणजे कळीचा चुना. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या एकत्रित ज्योतीत चुन्याची कांडी धरली, तर सुमारे २६०० अंश सेल्सिअसपर्यंत न वितळणारा हा पदार्थ तापून पांढराशुभ्र, अतिशय प्रखर प्रकाश देऊ लागतो. थॉमस ड्रमंड यांनी १८२५ साली आयर्लंडच्या भूमापनात असा दिवा डोंगरमाथ्यावर लावला, तेव्हा तो शंभराहून अधिक किलोमीटरवरून दिसला होता. पुढे १८३७ साली तो लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात आला. ज्योतीने चुना झिजत असल्यामुळे कांडी अधूनमधून फिरवायला दिव्यापाशी माणूस बसवावा लागे. पण त्याच माणसाला भिंगातून पडणारा झोत नटाच्या मागोमाग फिरवता येई, आणि शब्दाचा आजचा अर्थ मला या फिरत्या झोतातच दिसतो. विजेच्या दिव्यांनी चुन्याला रंगमंचावरून हटवले, तरी इंग्रजीने शब्द सोडला नाही.

प्रतिसाद २
वरील माहितीला व्युत्पत्तीची जोड देतो. इंग्रजीत ‘लाइम’ हे दोन वेगळ्या कुळांतले शब्द आहेत. फळाचे नाव अरबीतून युरोपीय भाषांमार्गे आले. चुन्याचा ‘लाइम’ मात्र प्राचीन इंग्रजीतला असून पक्षी पकडण्यासाठी फांद्यांना फासायच्या चिकट पदार्थालाही तोच शब्द होता. चिकटपणा हा त्याचा मूळ अर्थ, आणि बांधकामात दगड सांधणारा चुना त्यात सहज बसतो.

प्रतिसाद ३
मराठी पर्यायाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ‘प्रसिद्धीच्या झोतात येणे’ हाच प्रयोग करावा. ‘प्रसिद्धीचे वलय’ येथे चालणार नाही, कारण वलय त्या व्यक्तीभोवती टिकून राहते, तर झोत दुसऱ्याच्या हाती असतो आणि तो केव्हाही दुसरीकडे वळू शकतो. ‘हायलाइट करणे’ यासाठी मात्र झोत नको. एखादा मुद्दा लेखनात ठळक करायचा असेल, तर ‘अधोरेखित करणे’ पुरेसे आहे.