मदत हवी आहे: डीपीएफचा दिवा परत परत लागतोय, मूळ कारण कसं शोधायचं?

गोदाकाठ

नमस्कार. आमच्याकडे २०२१ सालची मध्यम आकाराची डिझेल एसयूव्ही आहे. दीड लिटरचं इंजिन, मॅन्युअल गिअर, बीएस-६. घरात पाच माणसं आणि गाडी एकच, त्यामुळे ती रोज बाहेर पडते. गेल्या पावसाळ्यापासून तिचं एक दुखणं काही केल्या जात नाहीये. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा लागतो. मग एक-दोन दिवसांत चेक इंजिनचा दिवाही लागतो, पिकअप जातो आणि साध्या उड्डाणपुलाच्या चढावरही गाडी रांगते. सर्व्हिस सेंटरला नेली की स्कॅनर लावतात, उभ्या गाडीतच फोर्स्ड रिजनरेशन करतात, म्हणजे साठलेली काजळी मुद्दाम जाळतात, दिवा जातो. दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेच. आणि दर वेळी उत्तरही तेच मिळतं: "मॅडम, तुमचं सिटी ड्रायव्हिंग जास्त आहे, हायवेला काढत जा."

हे उत्तर मला पटत नाही. नाशकात आमच्या फेऱ्या छोट्या आहेत हे मान्य. गंगापूर रोडवरून अंबड एमआयडीसी, मुलांची शाळा, सासूबाईंची फिजिओथेरपी, एवढंच. पण महिन्यातून एकदा तरी आम्ही धुळ्याला जातो, चांदवड-मालेगाववरून, दीडशे किलोमीटरच्या वर, सलग पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये. तेवढ्या धावण्यात फिल्टर साफ व्हायला हवा ना? उलट एकदा धुळ्याहून परत येताना पिंपळगावच्या टोलजवळच दिवा लागला. आमच्याच सोसायटीत याच इंजिनची दुसरी गाडी आहे, ती तर शहराबाहेर क्वचितच जाते. तिला हा त्रास एकदाही झालेला नाही.

मी जेवढं वाचून समजून घेतलंय ते असं. चुकत असेन तर सांगा. बीएस-४ मध्ये डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमपर्यंत कण सोडायची मुभा होती, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. एवढं कमी करायचं तर डिझेलला फिल्टर लावणं भाग पडलं. त्यात काजळी साठते आणि ती अधूनमधून जाळावी लागते. गाडी सलग पळत असेल तर धुराच्या उष्णतेने थोडी आपोआप जळते. ते पुरेसं झालं नाही तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जास्तीचं डिझेल सोडून फिल्टरचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो, आणि दहा-वीस मिनिटांत काजळी जळून जाते. ते चालू असताना आपण गाडी बंद केली की काम अर्धवट राहतं.

आता माझी निरीक्षणं. ॲव्हरेज १७ चा १२-१३ वर आलाय. गाडी बंद केल्यावरही पुढचा पंखा बराच वेळ जोरात फिरत राहतो, हे आठवड्यातून दोनदा तरी दिसतं, आणि तेव्हा जळका वास येतो. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली आहे आणि ऑइलला डिझेलचा वास येतो. ऑइल कमी झालेलं ऐकलं होतं, वाढलेलं कधी ऐकलं नव्हतं. आणखी एक, याचा संबंध आहे की नाही माहीत नाही: थंडीत हायवेला टेंपरेचरचा काटा मधल्या खुणेपर्यंत पोचत नाही, शहरात सिग्नलला उभं राहिलं की वर येतो.

आतापर्यंत फोर्स्ड रिजनरेशन, एकदा सॉफ्टवेअर अपडेट आणि एकदा "सेन्सर क्लीनिंग" झालं. कोणता सेन्सर ते जॉब कार्डवर नाही. मागच्या खेपेला स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा कोड मागितला तेव्हा पी२४६३ असा लिहून दिला. वाचलं तर तो फक्त काजळी जास्त साठली एवढंच सांगतो. ते तर दिव्यानेही सांगितलं होतं! ती का साठते, हे एकानेही शोधलेलं नाही. आता नवीन फिल्टर बसवा म्हणतात आणि खर्च लाखाच्या वर सांगतात. वॉरंटीत बसेल की नाही, त्याचं स्पष्ट उत्तर देत नाहीत.

एका बाहेरच्या गॅरेजवाल्याने फिल्टर आतून पोकळ करून सॉफ्टवेअरमधून उडवून द्यायला सांगितलं. ते आम्ही करणार नाही. घरात दम्याचं माणूस आहे. आपल्या गाडीचा धूर दुसऱ्या कुणाच्या घरातल्या अशाच माणसाच्या नाकात जावा, हे मला चालणार नाही. त्यामुळे कृपया तो उपाय सुचवू नका.

ज्यांच्या गाडीत हे वारंवार झालं आणि शेवटी कारण सापडलं, त्यांच्याकडे ते काय निघालं हे मला हवं आहे. सर्व्हिस सेंटरकडे नेमकी कोणती तपासणी मागायची? एक्स्टेंडेड वॉरंटी या वर्षाअखेर संपते आहे, म्हणून घाई आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. बीएस-६ डिझेलवाल्या कुणाचाही अनुभव उपयोगी पडेल.

सिंहगडरोड

आमच्या सेडानमध्ये हेच झालं होतं, पुण्यात. निघालं काय तर डिफरन्शियल प्रेशर सेन्सरची रबरी नळी चिरलेली. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजायला दोन बारीक नळ्या असतात, त्यातली एक. सेन्सरला खोटा दाब कळतो आणि फिल्टर भरलेला नसताना भरल्यासारखा दिसतो, किंवा भरलेला असताना रिकामा. नळी बदलायला फार खर्च आला नाही. त्याआधी आम्हालाही नवीन फिल्टरचं कोटेशन दिलं होतं.

तोवर एक सवय लावा. रिजन चालू आहे हे ओळखता येतं: उभ्या गाडीत आरपीएम नेहमीपेक्षा चढा असतो, ऑटो स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, तात्कालिक ॲव्हरेज एकदम खाली येतो. असं दिसलं तर घरी पोचलात तरी लगेच बंद करू नका, एक चक्कर मारून या. आणि टाकी रिझर्व्हला नेऊ नका, बऱ्याच गाड्यांत इंधन कमी असलं की रिजन सुरूच होत नाही.

पाना_पक्कड

ताई, मी कोल्हापुरात डिझेल गाड्यांचंच काम करतो. तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेली काट्याची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हायवेला काटा खाली आणि ट्रॅफिकमध्ये वर, हे थर्मोस्टॅट उघडा अडकल्याचं लक्षण आहे.

थर्मोस्टॅट हा कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, वाटेवरचा दरवाजा. इंजिन गार असताना बंद राहायचा, तापलं की उघडायचा. तो उघडाच अडकला तर पाणी कायम रेडिएटरमधून फिरतं, आणि हायवेला वारा लागला की इंजिन आणखी गार पडतं. ईसीयूला वाटतं इंजिन अजून तापलंच नाही. मग डिझेल जास्त सोडतो, काजळी जास्त होते, आणि कूलंट ठरावीक तापमानाला पोचल्याशिवाय रिजन सुरू करत नाही. म्हणून तुमच्या धुळ्याच्या फेरीचा उपयोग होत नसणार. शहरात इंजिन तापतं तेव्हा रिजन सुरू होतं, तर तुमचं ऑफिस येतं. ते अर्धवट राहिलेलं जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं, तेच तुम्हाला डिपस्टिकवर दिसतंय. सर्व्हिस सेंटरमध्ये मात्र गाडी उभी असते, वारा नसतो, आरपीएम चढवलेला असतो, म्हणून तिथे रिजन दर वेळी पूर्ण होतं.

पण बघितल्याशिवाय मी शपथ घेणार नाही. त्यांना सांगा, स्कॅनर लावून हायवेला टेस्ट ड्राइव्ह घ्या, गाडी उभी करून बघू नका. लाइव्ह डेटात कूलंटचं तापमान, फिल्टरचा दाब, काजळीचा आकडा आणि शेवटचं पूर्ण रिजन किती किलोमीटरमागे झालं, एवढं वाचायचं. पळत्या गाडीत कूलंट साधारण ८५ ते ९० ला स्थिर राहायला पाहिजे. ते बरोबर निघालं तर मग धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह, टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचे पाइप आणि डिझेल फवारणारे इंजेक्टर तपासायचे. फिल्टर फक्त साठवतो. काजळी करणारा दुसराच असतो, आणि तो तसाच ठेवून नवा फिल्टर बसवला तर तोही भरणार.

ऑइल आधी बदला, आजच. पातळ झालेल्या ऑइलने बेअरिंग आणि टर्बो जातात, आणि पातळी फारच वर गेली तर इंजिन तेच ऑइल जाळत स्वतःहून पळू शकतं. लो-सॅप्स, म्हणजे कमी राख करणारं, ऑइलच घाला, गाडीच्या पुस्तकात ग्रेड दिलेला असतो. साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये बसते आणि राख कुठल्याच रिजनने जळत नाही.

वाचक७१

एवढा त्रास कशाला? विकून टाका आणि पेट्रोल घ्या.

लेस्टरकर

इंग्लंडमध्ये हे दुखणं जुनं आहे, युरो-५ पासून जवळजवळ प्रत्येक डिझेल कारला फिल्टर आहे. फिल्टर काढलेली गाडी फेब्रुवारी २०१४ पासून इथल्या वार्षिक एमओटी तपासणीत नापास होते, त्यामुळे मूळ कारण शोधण्याशिवाय लोकांपुढे मार्ग नसतो. माझ्या गाडीत ग्लो प्लगचा, म्हणजे गार इंजिन सुरू करताना आतून तापवणाऱ्या प्लगचा, कंट्रोलर गेला होता. काही इंजिनांत ग्लो प्लगचा कोड असेल तर रिजन थांबवलं जातं. म्हणून एकच कोड घेऊन येऊ नका, साठवलेले सगळे कोड मागा, जुने आणि किरकोळ वाटणारेसुद्धा.

कागदपत्रं_सांभाळा

गाडीतलं मला कळत नाही, ग्राहक तक्रारींचं थोडं कळतं. प्रत्येक वेळी जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: "डीपीएफचा दिवा पुन्हा लागला, आधीही याच कारणासाठी गाडी आणली होती." ते "जनरल चेकअप" लिहितात आणि मग दोष वारंवार येत होता हे दाखवायला हातात काही राहत नाही. कोडची प्रिंट आणि गाडी देतानाचे किलोमीटर जपा. वॉरंटी संपण्याआधी कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा, फोनवर भागवू नका.

तरी नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर. १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये, वकील सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायला हवं. मात्र गाडीच्या तक्रारी अनेकदा तज्ज्ञाच्या अहवालावर अडतात, म्हणून पाना_पक्कड यांनी सांगितलेले आकडे आत्ताच कागदावर येऊ द्या.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचक७१, विकायचा विचार आमच्याही मनात आला होता. पण दोष तसाच ठेवून दुसऱ्या कुटुंबाच्या गळ्यात गाडी घालायची, हे आम्हा दोघांनाही नको आहे.

काल गाडी नेली. सुरुवातीला ॲडव्हायजर टेस्ट ड्राइव्हला तयार नव्हता. जॉब कार्डवर "हायवेला लाइव्ह डेटासह तपासणी" असं लिहून घेतलं, तेव्हा मॅनेजरने टेक्निशियनला सोबत पाठवलं. ओझरच्या दिशेने गेलो. कूलंट ६६ ते ७० च्या मध्ये फिरत होतं, परत शहरात शिरल्यावर ८० च्या वर गेलं. टेक्निशियन मुलगा चांगला होता, त्याने स्वतःच म्हटलं की हे बरोबर नाही. साठवलेले सगळे कोड काढले, थर्मोस्टॅटचा एकही कोड नव्हता. म्हणूनच इतके महिने तिकडे कुणाचं लक्ष गेलं नसावं. दाबाच्या नळ्या ठीक निघाल्या.

थर्मोस्टॅट वॉरंटीत बदलून मिळाला, ऑइल बदललं, लो-सॅप्सच घातलं. आज सकाळी घोटीपर्यंत जाऊन आलो. काटा मधोमध. मिस्टरांनी छोटा ओबीडी स्कॅनर आणलाय, त्यात कूलंट ८८-८९ आणि काजळीचा आकडा जाताना ७० टक्क्यांच्या वर होता तो येताना १५ च्या आसपास. गाडी चढावर पूर्वीसारखी ओढते.

दोन गोष्टी राहिल्या. जॉब कार्डवर त्यांनी "थर्मोस्टॅट बदलला" एवढंच लिहिलंय, डीपीएफच्या तक्रारीशी त्याचा संबंध लिहायला तयार नाहीत. ईमेलमध्ये मी तो लिहून पाठवला तर पुरेल का? आणि पाना_पक्कड दादा, इंजेक्टर आता तपासायचे की थांबायचं?

कागदपत्रं_सांभाळा

ईमेल पुरेल. लाइव्ह डेटाचे दोन्ही आकडे, आधीचे आणि नंतरचे, त्यात लिहा, सगळ्या जुन्या जॉब कार्डांचे नंबर टाका आणि उत्तर मागा. उत्तर आलं नाही तरी तुमचं पत्र वॉरंटीच्या मुदतीत गेल्याची नोंद राहते.

पाना_पक्कड

बरं झालं ताई. आता डिपस्टिक दर आठवड्याला बघा, सकाळी गाडी गार असताना, सपाट जागेवर. पातळी जागेवर राहिली तर इंजेक्टरला हात लावायची गरज नाही. पुन्हा चढायला लागली तर मात्र थांबू नका, लीक-ऑफ टेस्ट, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून किती डिझेल परत येतं ती तपासणी, मागा, आणि ती वॉरंटी संपायच्या आत मागा.