सासऱ्यांचं चिन्ह, बोळातला माणूस, का नोटा?

सुईदोरा:
आमचं तालुक्याचं गाव, सांगली जिल्ह्यात. 2 डिसेंबर 2025 ला नगरपरिषदेचं मतदान आहे. बाजारपेठेत माझं फॉल-पिकोचं दुकान आहे, त्यामुळे सध्या गिऱ्हाईक कमी आणि पत्रकं जास्त.

सासरे 81 वर्षांचे. पहिलं मत 1967 ला बैलजोडीला, मग गायवासरू, मग हात. पक्ष फुटला, चिन्हं बदलली, हे काही बदलले नाहीत. यंदा आमच्या प्रभागात हातच नाही. दोन स्थानिक आघाड्या, कपबशी आणि नारळ. सासऱ्यांच्या पक्षातली माणसं दोन्हीकडं वाटली गेलीत. म्हातारा रोज विचारतो, "मग मी दाबायचं काय?"

माझी अडचण वेगळी. प्रभागात जागा दोन, अ आणि ब. अ जागा महिलांची. तिथं कपबशीकडून ठेकेदाराच्या बाई उभ्या. पत्रकावर त्यांचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, नवऱ्याचा परातीएवढा. ह्याच ठेकेदारानं आमचं गटार बांधलं, उतार उलटा काढला, पाऊस आला की पाणी माझ्या पायरीवर. ब जागेला नारळाकडून मोटार वाइंडिंगचं दुकान चालवणारा पोरगा आहे. बोळात पाणी येत नव्हतं तेव्हा रात्री दोनला व्हॉल्व्हवर हाच उभा होता. पण नारळाचा अध्यक्षपदाचा उमेदवार असा, की मी त्याला उधारीवर रुमालसुद्धा देणार नाही. कपबशीचाही तसलाच.

मालक म्हणतात, दुकान बंद करून रांगेत कशाला उभी राहतेस, जाऊच नको. तुम्ही काय करता अशा वेळी?

माणदेशी:
ताई, बटणं तीन आहेत. अध्यक्षाला एक, अ ला एक, ब ला एक. तिन्ही एकाच चिन्हावर द्यायची असं कुठं लिहिलंय? 'पॅनेल टू पॅनेल' ही उमेदवारांची गरज, आपली नव्हे.

आणि सासऱ्यांना 2024 ची लोकसभा आठवून द्या. सांगलीची जागा आघाडीत दुसऱ्या पक्षाला सुटली, वसंतदादा पाटलांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, चिन्ह लिफाफा. जन्मभर हात दाबणाऱ्यांनी यंत्रावर लिफाफा हुडकून काढला आणि ते लाखभर मतांनी आले. ते मत पक्षाला होतं का माणसाला? मला विचाराल तर वसंतदादांच्या घराला. आपल्याकडं पक्ष आणि माणूस ह्यांच्या मधे घराणं बसलेलं असतं, ते मोजल्याशिवाय हिशेब लागत नाही.

सुईदोरा:
हे सांगितलं सासऱ्यांना. म्हणाले, "लिफाफ्यात पत्र आपलंच होतं."

जुना कार्यकर्ता:
मी एक टर्म नगरसेवक होतो, म्हणून थोडं कडू बोलतो. एकटा चांगला माणूस सभागृहात जाऊन करणार काय? विषय समित्या बहुमताकडं. अध्यक्ष थेट जनतेतून एका आघाडीचा आणि सभागृह दुसऱ्या आघाडीचं झालं, की सभेत निम्मा वेळ मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायचं का नाही ह्यावरच जातो. 2016 नंतर आमच्याकडं हेच चाललं. माझ्या प्रभागातला एक रस्ता तीनदा विषयपत्रिकेवर आला, तीनदा तहकूब. वाइंडिंगवाला पोरगा भला असेल, पण त्याच्यामागं हात वर करणारे किती, ते बघून मत द्या.

करडा कोट:
नोटा दाबा, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही'चं बटण. विधानसभेला नोटा म्हणजे नुसती नाराजी. 2019 ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा 27 हजारांवर मतं घेऊन दुसऱ्या नंबरला होती, आमदार व्हायचा तो झालाच. पण आपल्या राज्य निवडणूक आयोगानं 2018 च्या नोव्हेंबरात स्थानिक संस्थांसाठी आदेश काढलाय, नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. म्हणजे इथं नोटाला दात आहेत.

माणदेशी:
दात आहेत, पण पहिला नंबर आला तरच. भाऊबंदकीच्या गावात नोटाचा पहिला नंबर? उमेदवाराची नुसती चुलत घरं मोजा.

बूथवरचा:
मतदान न करण्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. मी दोनतीनदा पोलिंग एजंट म्हणून बसलोय. समोर यादी असते, मत टाकून गेला की नावावर खूण. दुपारी तीन वाजता बिनखुणेची नावं बाहेर जातात आणि घरापुढं रिक्षा येते. म्हणजे घरी बसलेला माणूस दोन्ही पार्ट्यांना कळतो आणि दोघंही समजतात की हा समोरच्याचा. ताईंचं दुकान आहे, त्यांनी तर घरी बसूच नये. पूर्वी कुणालाच मत नको असेल तर 49-ओ ह्या निवडणूक नियमाखाली तसं नोंदवून सही करावी लागायची, केंद्रातल्या सगळ्यांना कळायचं. सुप्रीम कोर्टानं 2013 ला नोटा आणायला लावली ती ह्याच गुप्ततेसाठी. गुपचूप नाही म्हणायचं असेल तर रांगेत उभंच राहावं लागतं.

सुईदोरा:
सगळ्यांचे आभार. जाऊन आले. बूथवाल्या दादांचं पटलं, मालकांनाही वाचून दाखवलं, तेही आले. दुकान दीड तास बंद.

अध्यक्षाला नोटा. ब ला वाइंडिंगवाला. कार्यकर्ते काकांचा रस्ता डोक्यात होता, तरी बोट तिकडंच गेलं. रात्री दोनला दुसरं कोण येणार? अ ला काय केलं ते सांगत नाही, दोघीही ब्लाउजला माझ्याकडंच येतात.

सासरे आत बराच वेळ होते. बाहेर आल्यावर शाई लावलेलं बोट धोतराला पुसत म्हणाले, "खरंच नव्हता गं हात." मी पुढं काही विचारलं नाही.

मोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची, ती कोर्टाच्या आदेशानं 21 तारखेवर गेली. ठेकेदाराच्या बाई काल गुलाबी साडी फॉलला टाकून गेल्या. वीस तारखेच्या आत पाहिजे म्हणाल्या.