५० मीटर प्रोन: वारं सुटलं की ग्रुप तिरका का पडतो, आणि वारं वाचायला शिकायचं कसं?

खानापूर_प्रोन

नमस्कार मंडळी. .२२ रायफल, ५० मीटर, प्रोन, म्हणजे पोटावर झोपून. सकाळी आठच्या आसपास वारं पडलेलं असतं तेव्हा दहा शॉटचा ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) दहाच्या वर्तुळाला धरून बसतो. साडेदहानंतर तीच पोझिशन, त्याच डब्यातली काडतुसं, आणि ग्रुप लांबट होतो. नुसता आडवा पसरला असता तर समजलं असतं, पण पावसाळ्यात तो उजवीकडे खाली जातो आणि डिसेंबर-जानेवारीत डावीकडे वर. स्लिंग, बट प्लेट, श्वास, सगळं तपासून झालंय. रेंजचं तोंड उत्तरेला आहे. १० आणि ३० मीटरवर झेंड्या आहेत, पण दोन्ही बऱ्याचदा वेगळंच सांगतात. कुठल्या झेंडीवर विश्वास ठेवायचा? आणि क्लिक द्यायच्या (साइटचा स्क्रू टप्प्याटप्प्यानं फिरवायचा) की नेम बाजूला धरायचा? पुढच्या वर्षी ३०० मीटरला जायचं आहे, त्यामुळे हे आत्ताच पक्कं करायचंय.

हिडकल_५०

तुमची पोझिशन बिघडलेली नाही. ग्रुप जसा पडायला पाहिजे तसाच पडतोय.

बॅरलच्या आतले आटे बहुतेक सगळ्या मॅच रायफलींत उजवे असतात, म्हणजे गोळी मागून बघितली तर घड्याळाच्या दिशेनं फिरते. अशा फिरत्या गोळीला डावीकडून वारं लागलं तर ती उजवीकडे जाते आणि थोडी खालीही दबते. उजवीकडून लागलं तर डावीकडे जाते आणि थोडी वर उचलते. म्हणून वाऱ्यातला ग्रुप टार्गेटवर घड्याळाच्या दहाच्या आकड्यापासून चारच्या आकड्याकडे तिरका लांबतो. आता तुमची रेंज बघा. तोंड उत्तरेला, म्हणजे पावसाळ्यातलं पश्चिमेचं, घाटाकडून येणारं वारं बरोबर डावीकडून येतं. ग्रुप उजवीकडे खाली. थंडीत वारं पूर्वेचं, उजवीकडून. ग्रुप डावीकडे वर. म्हणून दुरुस्ती करतानाही नुसती आडवी करून भागत नाही. चार क्लिक बाजूला दिल्या तर साधारण एक क्लिक उभीही द्यावी लागते. नेमकं प्रमाण तुमच्या रायफलीवर आणि काडतुसावर ठरतं, ते कागदावर काढा.

किती सरकते तेही डोक्यात पक्कं पाहिजे. ४० ग्रेन (सुमारे २.६ ग्रॅम) वजनाची स्टँडर्ड गोळी, सुटताना वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास. तिला सेकंदाला १ मीटर वेगाचं पूर्ण आडवं वारं लागलं तर ५० मीटरवर ती जवळजवळ ५ मिमी सरकते. दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं, पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिमी बाहेर, आणि दशांश गुणांत ०.१ म्हणजे ०.८ मिमी. म्हणजे १ मीटर वाऱ्याला ०.६ गुण जातात. २ मीटर वारं लागलं तर मधोमध बसणारा १०.९ चा शॉट ९.७ वर जातो. २ मीटर म्हणजे काय, तर चेहऱ्याला जेमतेम जाणवणारी झुळूक. त्याहून कमी वाऱ्यात नुसता अगरबत्तीचा धूर कलतो. साडेतीनच्या वर गेलं की झाडाची बारीक पानं थांबतच नाहीत, आणि साडेपाचच्या वर रेंजवर धूळ उठायला लागते. हातातलं वारं मोजायचं यंत्र मिळालं तर आठवडाभर आधी डोळ्यानं अंदाज करून वहीत लिहा आणि मगच आकडा बघा. डोळा त्यानंच तयार होतो.

एक चूक बरेच जण करतात. वाऱ्याला जास्त वेगाची काडतुसं बरी असं समजून हायव्हेलॉसिटी घेतात. .२२ मध्ये ते उलटं आहे. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अडथळा एकदम वाढतो, गोळी तिथं जास्त वेग गमावते आणि जास्त सरकते. सबसॉनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा कमी वेगाचं मॅच काडतूसच ठेवा.

झेंड्यांचं: १० मीटरवालीला जास्त मान द्या. सुरुवातीला मिळालेला ढकला पुढचं सगळं अंतर वाढत जातो. ढोबळ हिशेबानं पहिल्या २५ मीटरांतलं वारं एकूण सरकण्याच्या तीन-चतुर्थांश भागाला जबाबदार असतं. पण १० मीटरवरची झेंडी भिंतीच्या किंवा बांधाच्या आडोशाला असेल तर ती खोटं बोलते. आडोशाच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारं पडलेलं आणि घुमणारं असतं. डावीकडे तीन मीटरचा बांध असेल तर तीस मीटर उजवीकडेपर्यंत त्याचा परिणाम. रेंजला लागून ऊस उभा असेल तर तोही बांधच समजा. ऊस तोडला की त्याच लेनचं वारं पार बदलतं, मागच्या वहीतले आकडे तिथं चालत नाहीत.

निपाणी_स्मॉलबोअर

वरचं सगळं बरोबर. पण वेगापेक्षा दिशेकडे जास्त बघा, नवीन माणूस तिथंच फसतो.

४ मीटरचं वारं घड्याळाच्या नऊच्या आकड्याकडून, म्हणजे थेट आडवं येतंय आणि दोन्ही बाजूंना १५ अंश हलतंय. ढकल्यात फरक पडतो एक मिमीसुद्धा नाही. तेच ४ मीटरचं वारं समोरून, बाराच्या आकड्याकडून येत असेल आणि तसंच १५ अंश हलत असेल, तर एकदा ५ मिमी डावीकडे, एकदा ५ मिमी उजवीकडे. झेंडी नुसती शेपटी हलवताना दिसते, वारं आडवं नाही म्हणून माणूस बिनधास्त मारतो, आणि आठ-दहा मिमीचा पसारा पडतो. याला फिशटेल म्हणतात. समोरून किंवा पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यात थांबायचं सगळ्यात जास्त. तिरक्या वाऱ्याचा हिशेबही लक्षात ठेवा: एकच्या आकड्याकडून आलं तरी निम्मा जोर लागतो, दीडवर सत्तर टक्के, आणि दोनवर जवळजवळ पूर्णच.

आता पद्धत. प्रत्येक वाऱ्याला वेगळं उत्तर शोधत बसू नका. एकच स्थिती निवडा आणि तिच्यातच मारा. साइटरच्या (गुण न धरल्या जाणाऱ्या चाचणी शॉटच्या) आधी पाच मिनिटं नुसत्या झेंड्या बघा. वारं येतं, चढतं, टिकतं, पडतं, पुन्हा येतं, याला एक फेरा असतो. त्यातली जी स्थिती जास्त वेळ टिकते ती धरायची. पूर्ण शांतता मोहाची असते, पण दुपारच्या वाऱ्यात ती दहा सेकंदांची असते, तीत एकच शॉट सुटतो आणि दुसऱ्याला वारं परत येतं. मधलं, टिकणारं वारं धरलं तर चार-पाच शॉट एका ओळीत निघतात. साइटर त्या स्थितीत मारून क्लिक बसवायच्या, आणि स्थिती सुटली की गाल स्टॉकवरून उचलायचा. ६० शॉटला ५० मिनिटं मिळतात. एक शॉट तीस सेकंदांत होत असेल तर वीस मिनिटं वाट बघायला उरतात. ती वापरायलाच आहेत. आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनचं जागतिक विजेतेपद मिळवलं ते ६०० पैकी ५९७ गुणांवर (तेव्हा पूर्ण गुणच मोजायचे). साठ शॉटमध्ये तीनच गुण गेले. त्या पातळीवर घाईत सोडलेले दोन शॉटसुद्धा महागात पडतात.

हा सराव रायफलीशिवायही होतो. रेंजवर किंवा शेताच्या कडेला काठीला जुन्या नायलॉन साडीची बोटभर रुंद पट्टी बांधा, घड्याळ लावा, दर पंधरा सेकंदांनी दिशा आणि जोर लिहा. अर्ध्या तासात १२० नोंदी होतात आणि फेरा कागदावर दिसायला लागतो. मॅचमध्ये मात्र स्वतःची पट्टी लावता येत नाही, नियमात बसत नाही. तिथं रेंजच्याच झेंड्या.

चिकोडी_रायफल

एका गोष्टीवर थोडा मतभेद. फक्त एका स्थितीत मारा हे शिकण्यापुरतं ठीक आहे. श्रावणातल्या वाऱ्यात ती स्थिती चार-चार मिनिटं येतच नाही. तेव्हा नेम बाजूला धरता आला पाहिजे. फोरसाइटची (बॅरलच्या टोकाच्या साइटची) रिंग वारं येतं त्या बाजूला किंचित सरकवायची, म्हणजे टार्गेटचा काळा गोल रिंगमध्ये उलट बाजूला दिसतो, पांढऱ्याची कड एका बाजूला बारीक आणि दुसऱ्या बाजूला जाड. पण अर्ध्या वर्तुळापर्यंतच, म्हणजे ४ मिमी. त्याहून जास्त धरायला गेलात तर डोळा आपोआप गोल मधे आणतो. जास्त लागत असेल तर क्लिकच द्या.

आणि क्लिक द्यायच्या आधी ती किती मिमीची आहे हे माहीत पाहिजे. वारं पडलेल्या सकाळी पाच शॉट मारा, २० क्लिक उजवीकडे द्या, त्याच काळ्यावर नेम धरून पुन्हा पाच मारा. दोन ग्रुपच्या मधल्या अंतराला २० नं भागा. मग २० क्लिक परत आणा आणि तिसरा ग्रुप पहिल्यावरच बसतोय का बघा. बसला नाही तर साइटमध्ये ढिलाई आहे, आणि त्या साइटवर वाऱ्याचा कुठलाच हिशेब जमणार नाही.

रायफल तिरकी होते का तेही बघा. वाऱ्यात माणूस नकळत रायफल वाऱ्याकडे कलवतो. मग साइट ज्या बाजूला कलली त्या बाजूला शॉट जातो, थोडा खालीही, आणि दोष वाऱ्याला लागतो. फोरसाइटमध्ये आडव्या रेषेची रिंग किंवा बबल (पाणसळ) लावून एकदा खात्री करा.

खानापूर_प्रोन

भारी. डावीकडचा बांध अडीच मीटरचा आहे, म्हणजे १० मीटरवाल्या झेंडीचा घोळ तिथंच दिसतोय. ३०० मीटरला यातलं काय बदलतं? आणि मिराज, म्हणजे तापलेल्या हवेच्या लहरी, बघायचा म्हणतात ते नेमकं कसं?

हिडकल_५०

३०० ला गोळी वेगळी, आकडे वेगळे. ६ मिमी ते ७.६२ मिमीच्या मॅच काडतुसांना १ मीटर आडव्या वाऱ्याला ३०० मीटरवर ३५ ते ४५ मिमी धरा. दहाचं वर्तुळ १०० मिमीचं, पुढचं वर्तुळ ५० मिमी बाहेर. म्हणजे १ मीटर वाऱ्याचा अंदाज चुकला तर जवळजवळ एक वर्तुळ गेलं. झेंड्या ५०, १०० आणि २०० मीटरवर, मोठ्या, २०० बाय ७५० मिमी. पहिल्या शंभरातलं वारं इथंही जास्त मोलाचं, पण मधलं सोडून चालत नाही. १००० यार्डांच्या नेमबाजीत तर ७.६२ ची गोळी १ मीटर वाऱ्याला अर्धा मीटर सरकते, आणि वाटेत नेमाच्या रेषेपेक्षा तीन-चार मीटर वर जाते. तिथलं वारं जमिनीपेक्षा जोरात असतं.

पावसाळ्यात एक लक्षात ठेवा: भिजलेली झेंडी जड होते, कमी उचलते आणि वारं आहे त्यापेक्षा कमी दाखवते. कोरड्या झेंडीवर शिकलेला डोळा जूनमध्ये फसतो.

मिराजसाठी स्पॉटिंग स्कोप आधी टार्गेटवर साफ करा, मग फोकस थोडा जवळ आणा, म्हणजे साधारण २०० मीटरवर. टार्गेट किंचित धूसर झालं पाहिजे आणि त्याच्यासमोर पाण्यासारख्या लहरी दिसल्या पाहिजेत. लहरी सरळ वर चढत असतील तर आडवं वारं नाही, किंवा ते अगदी समोरून-पाठीमागून आहे. कलत चालल्या तर हलकं वारं. आडव्या, चपट्या धावायला लागल्या की ५ मीटरच्या आसपास, आणि त्याच्या पुढं मिराज वेग सांगत नाही, तिथून झेंडी. झेंडी हलायच्या आधीचं १-२ मीटरचं वारं मिराजमध्ये स्वच्छ दिसतं, हा त्याचा खरा उपयोग. लहरी वर चढतायत म्हणून लगेच मारू नका. बहुतेक वेळा वारं तेव्हा बाजू बदलत असतं.

आपल्याकडे फेब्रुवारी ते मे भरपूर दिसतो. ढग भरून आले की नाही. आणि दहा-वीस शॉटनंतर तापलेल्या बॅरलवरूनही झळा उठतात, त्या साइटमध्ये येतात. बॅरलच्या वरून मागच्या साइटपासून पुढच्या साइटपर्यंत कापडी पट्टी ताणून लावतात ती त्यासाठीच.

निपाणी_स्मॉलबोअर

दादा, त्या अडीच मीटरच्या बांधाच्या लेनवर १० मीटरवाली झेंडी काय दाखवते त्यापेक्षा ती किती उंचीवर लावली आहे तिकडे आधी बघा. झेंडीचा मध्य गोळीच्या वाटेच्या उंचीला पाहिजे. बऱ्याच रेंजवर ती खाली लावलेली असते आणि बांधाच्या सावलीतलंच वारं दाखवत राहते. रेंजवाल्यांना सांगून ती वर घ्यायला लावा. वर घेऊनही मुकीच राहिली तर शक्य असेल तेव्हा उजवीकडच्या टोकाची लेन मागून घ्या आणि दोन्ही लेनच्या नोंदी वेगळ्या ठेवा.