मदत हवी आहे: पाळलेली पाल (लेपर्ड गेको) १६ दिवस काही खात नाही

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला हट्टापायी लेपर्ड गेको आणली. पिवळ्या अंगावर मोहरीसारखे काळे ठिपके, म्हणून नाव फोडणी. घरातल्या भिंतीवरच्या पालीसारखी ही काचेवर चढत नाही, आणि हिला पापण्या असतात. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बघायला लागली की मला माझ्या सासूबाई आठवतात. (त्या पुण्याहून व्हिडिओ कॉलवर रोज विचारतात, "पाल पाळतं का कुणी?")

डिसेंबरात तीन आठवडे भारतात होतो. मैत्रिणीने अगदी मनापासून सांभाळलं, टाकीसुद्धा घासून ठेवली. आम्ही परतलो त्या दिवसापासून फोडणीने अन्नाला तोंड लावलेलं नाही. आधी आठवड्याला तीनदा सहा-सात रातकिडे सहज संपवायची. आता चिमट्याने मीलवर्म (खायला द्यायची अळी) समोर धरला तर मान फिरवते. रात्री खाईल या आशेने चार रातकिडे टाकीत सोडून ठेवते, सकाळी चारही तसेच.

किचनच्या काट्यावर वजन नोव्हेंबरात ५२ ग्रॅम होतं, आज ४५. शेपटी बोटाएवढी जाड असायची, ती आता मुळाशी चेपल्यासारखी दिसते. मागच्या पायाच्या दोन बोटांवर कात अडकली आहे. शी नऊ दिवसांपूर्वी झाली, कोरडी, आणि सोबतचा पांढरा भाग पिवळट. पाणी चाटते.

टाकी २० गॅलनची, खाली पेपर टॉवेल, वाळू नाही. एका बाजूला काचेखाली हीट मॅट, थर्मोस्टॅट ९० फॅरनहाइटवर. काचेला चिकटवलेला तापमानाचा गोल काटा ८६ दाखवतो, म्हणजे ऊब तर आहे. थंडीत भूक मंदावते असं वाचलं, पण वजनाचा आकडा बघून पोटात गोळा येतो. वाट बघू, की बळेच भरवू?

घोरपड: ताई, बळेच अजिबात भरवू नका. पोटाखालची ऊब कमी असेल तर खाल्लेलं पचत नाही, आतच कुजतं. टाकीतले रातकिडे आत्ता काढा. उपाशी रातकिडा झोपलेल्या गेकोला चावतो. तुमच्या गोल काट्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. तो काचेचं तापमान सांगतो, ही झोपते जमिनीवर. इन्फ्रारेड गन (दुरून तापमान मोजणारं यंत्र) घ्या आणि उबदार बाजूच्या गुहेत, म्हणजे तिच्या लपायच्या जागेत, खाली नेम धरून मोजा, ८८ ते ९२ हवं. मॅट काचेला नीट चिकटली आहे का, तेही बघा. कात अडकली असेल तर एका झाकणाच्या डब्याला दार कापून आत ओला टिश्यू ठेवा. तिला त्यात बसू द्या, बोटं ओढू नका.

आणि ५२ वरून ४५ म्हणजे १३ टक्क्यांच्या वर घट. इथे थंडीचं कारण देऊन थांबायचं नाही. जंत किंवा कॉक्सिडिया, क्रिप्टोस्पोरिडियम असे पोटातले सूक्ष्म परजीवी यांत शेपटी अशीच आटते, आणि शी तपासल्याशिवाय कळत नाही. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर गेको बघत नाहीत. एआरएव्ही या सरीसृप-डॉक्टरांच्या संघटनेच्या साइटवर जवळचा डॉक्टर शोधता येतो.

चिंचगुळ: मैत्रिणीने वॅक्सवर्म (चरबीदार अळ्या) दिले होते का? आमच्या पठ्ठ्याला त्याची चटक लागली, महिनाभर दुसऱ्या कशाकडे ढुंकून बघेना. वडापावची सवय लागलेल्या पोरासारखं.

मूळ लेखिका: मैत्रिणीला विचारलं, वॅक्सवर्म नव्हते. पण @घोरपड, गन आली आणि गुहेत आकडा आला ७३! टाकी उचलून बघितली तर मॅटची एक बाजू सुटून खाली लोंबत होती. सेन्सर मॅटलाच चिकटलेला, त्यामुळे मॅट ९० झाली की थर्मोस्टॅट बंद, आणि वरची काच गार. टाकी घासताना सुटली असणार. मैत्रिणीला मी सांगणार नाही, तिला फार लागेल. मुळात परत आल्यावर मीच बघायला हवं होतं.

नवीन टेपने घट्ट बसवली. दुसऱ्या दिवशी गुहेत ८९. फोडणी पोट टेकून, चारी पाय पसरून दिवसभर तिथेच पडून होती. ओल्या डब्यातही दोनदा गेली, एका बोटाची कात निघाली. खाणं अजून नाहीच. काल मीलवर्म नाकाजवळ नेला तर शेपटीचं टोक हललं, जीभ लावली आणि सोडून दिला. वजन ४५ वरच आहे.

आज पहाटे मात्र शी झाली! डॉक्टरची वेळ उद्या सकाळची आहे. नमुना तोपर्यंत चालेल ना?

घोरपड: चालेल. घट्ट झाकणाची डबी, वरून दोन पिशव्या, आणि फ्रीजमध्ये. फ्रीझरमध्ये नको. साल्मोनेला या जिवाणूचा धोका असतो, लेकीलाही साबणाने हात धुवायला लावा. वजनांची नोंद सोबत न्या आणि मॅटचा घोटाळाही सांगा.

मूळ लेखिका: ठेवली, खालच्या कप्प्यात एकटीच. डबीवर लेकीने मोठ्या अक्षरात "फोडणी" लिहिलं होतं. ते खोडून मी "चटणी नाही" असं लिहिलंय, कारण नवरा रात्री उठून फ्रीज उघडतो.