मदत हवी आहे: रामन वर्णपटातून मेण काही जात नाही!

नमस्कार मंडळी,

गालाच्या आतल्या अस्तराच्या कर्करोगाचे नमुने रामन स्पेक्ट्रोस्कोपीने (लेसर टाकायचा आणि विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटातून रेणू ओळखायचे) तपासतोय, ७८५ नॅनोमीटरच्या लेसरवर. तोंडाच्या कर्करोगावर असं काम खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात बरंच झालंय. आमच्या वाट्याला मात्र आलेत फॉर्मलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेले जुने ब्लॉक.

रडगाणं या मेणाचंच. ब्लॉकचे पातळ काप झायलीनने (मेण विरघळवणारं द्रावक) धुऊनसुद्धा वर्णपटात १०६३, ११३३ आणि १२९६ सेंमी⁻¹ या जागांवर मेणाची टोकदार शिखरं तशीच उभी. १४४१ चं तर ऊतीतल्या मेदाच्या शिखरावरच चढून बसतं. निरोगी गालात मेद ठळक दिसतो, गाठीत प्रथिनं. ओळख पटायची ती बरीचशी यावरूनच, आणि नेमकं तेच वाचता येत नाही. शिवाय झायलीन मेणाबरोबर ऊतीतला थोडा मेदही धुऊन नेतं, ते वेगळंच. १००४ चं फिनाइलअ‍ॅलनिनचं (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) शिखर तेवढं स्वच्छ मिळतं.

झायलीनऐवजी हेक्झेन या द्रावकात काप जास्त वेळ ठेवून कुणी पाहिलंय का? किती वेळ? मेणाचा वर्णपट गणिताने वजा करा, असं गाइड म्हणतात, पण त्या शिखरांची उंची जागेगणिक बदलते, त्यामुळे माझा त्यावर भरवसा नाही.

दुसरं, साधी काच या लेसरखाली स्वतःच चमकते आणि तशा न चमकणाऱ्या कॅल्शियम फ्लोराइडच्या चकत्या खिशाला परवडत नाहीत. अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावलेल्या स्लाइडवर काप टिकतो की धुताना सुटून येतो?

(संगणकाला गाठ ओळखायला शिकवताना एकाच रुग्णाचे वर्णपट शिकवण्याच्या आणि चाचणीच्या अशा दोन्ही संचांत जाऊ देत नाही, तेव्हा त्यावर प्रवचन नको!)