'कॉमन पार्ट'ला काय म्हणावं? समान, सामान्य की सामाईक?

प्रश्न : अंबडच्या एका कारखान्यात आम्ही द्राक्षबागेचे फवारणी ब्लोअर बनवतो. टाक्या 200, 400 आणि 600 लिटरच्या, पंप आणि गिअरबॉक्स तिन्हींत एकच. कामगारांसाठी मराठी माहितीपत्रक करतोय. भाषांतरात 'कॉमन पार्ट'चं 'सामान्य घटक' झालंय. ते फार खटकतं.

उत्तर : खटकायलाच हवं. सामान्य म्हणजे साधासुधा, आणि तुमचा पंप तर यंत्राचा जीव. 'समान'ही नको. एकाच ब्लोअरवरचे नोझल एकमेकांसारखे, ते समान. तीन मॉडेलांत मिळून जो एकच, तो 'सामाईक'. सामाईक विहीर, सामाईक बांध, शाळेतला सामाईक विभाजक, सगळीकडे हाच अर्थ.

आणखी एक : सामाईकलाच माझं मत, कारण त्या शब्दात हिश्श्याची ओढाताणही येते. चासी, म्हणजे यंत्राचा खालचा सांगाडा, सामाईक करायची तर ती 600 लिटरचं वजन पेलणारीच घ्यावी लागते. फायदा असा की डाय (साचा) एक, गेज (माप तपासायचं साधन) एक, स्टोअरमध्ये खण एक. पण 200 लिटरचं यंत्र उगाच जड होतं आणि ओल्या बागेत चाकं रुततात. असा फायदा-तोटा तोलण्याला इंग्रजीत 'ऑप्टिमाइझ' म्हणतात, त्यासाठी 'इष्टतम करणं' मला नेमकं वाटतं. इष्टतम म्हणजे कमाल नव्हे. काय सामाईक ठेवायचं आणि काय सोडायचं, याचा मेळ. ब्लॅक अँड डेकर या अमेरिकी हत्यारं बनवणाऱ्या कंपनीने 1970च्या दशकात हातयंत्रांच्या मोटरी नव्याने बेतल्या तेव्हा व्यास एकच ठेवला आणि स्टॅम्पिंगच्या (मोटरीतल्या कापलेल्या पातळ पत्र्यांच्या) थप्पीची लांबी तेवढी बदलती ठेवली. त्यातून 60 ते 650 वॅटच्या मोटरी निघाल्या. सामाईक काय असावं हे तिथे फार विचाराने ठरलं होतं.

प्रश्नकर्ता : पटलं. आणि एकाच रचनेवर बेतलेल्या मॉडेलांच्या गटाला, 'प्रॉडक्ट फॅमिली'ला, काय म्हणावं? 'उत्पादन कूळ' सुचवलंय.

उत्तर : कूळ नको, आपल्याकडे कूळ म्हटलं की कूळकायदा आठवतो. कारखान्यात 'फॅमिली' रुळलाय, तोच ठेवा. एकेका मॉडेलला 'भावंड' म्हणा, लगेच कळेल.

प्रश्नकर्ता : चासी आता 400 आणि 600ला एक, 200ला वेगळी करायचं चाललंय. मग तिला सामाईक म्हणायचं का?

उत्तर : म्हणायचं, पण कोणाकोणात ते लिहा : 'सामाईक, 400 व 600'. सातबाऱ्यावरही हिस्सेदारांची नावं असतातच.